अर्धा मिलिमीटर जास्त

बाबा,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. कुठलीही गोष्ट मधूनच सांगायला घेतली तर तुम्हाला चालायची नाही.

१. गेल्या शुक्रवारी दुपारी चार वाजता, शुवैखमध्ये, तुमच्या वर्कशॉपपासून तीन गल्ल्या पलीकडच्या एका गोदामात इंग्लंडमधल्या एका हेवी मेटल बँडचा कार्यक्रम झाला. ऐकणारे साठ-सत्तर.

२. हा तोच बँड, ज्याची कॅसेट मी दहा वर्षांची असताना तुम्ही इथून घरी आणली होती.

३. चौघांपैकी दुसऱ्या गिटारवाल्याचं बोट दोन दिवस आधी दुबईत व्हॅनच्या दारात सापडलं. त्याच्या जागी मी वाजवलं. अकरा गाणी.

४. माझ्या दोन चुका झाल्या. त्यातली एक कोणाच्या लक्षात आली नाही.

५. त्या गिटारवाल्याला तसंही आता थांबायचं आहे. त्यांनी मला त्याच्या जागी बोलावलं आहे. सुरुवातीला सहा आठवडे : एक नवी रेकॉर्ड आणि चौदा गावांत कार्यक्रम.

६. कंपनी सहा आठवड्यांची रजा देत नाही. जायचं तर राजीनामा द्यावा लागेल, आणि राजीनामा दिला की इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द होतो, म्हणजे कुवेत सुटतं.

७. आईला फोन केला. ती म्हणाली, "मला नको विचारू. तुझ्या बाबांना विचार."

म्हणून हे पत्र. आई ते रागाने म्हणाली हे मला कळतं, पण सूचना म्हणून ती स्पष्ट होती.

तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली, तेव्हा काही गोष्टी तुम्हाला माहीत नसणार. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. पाच वर्षं इथेच आहे, शुऐबाला. पंप आणि कॉम्प्रेसर किती थरथरतात ते मोजते आणि कुठलं बेअरिंग किती दिवसांत जाईल ते लिहून देते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून तुम्ही जे करायचात तेच काम. फक्त माझ्या हातात यंत्र असतं आणि कागदावर दोन सह्या लागतात. मी गिटार वाजवते हे ऑफिसमध्ये कोणालाही माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलं नव्हतं. राहत्या खोलीत स्पीकर न लावता, नुसत्या तारांवर, रोज चाळीस मिनिटं. शेजारच्या खोलीतल्या नर्सला वाटायचं मी काहीतरी चिरत असते.

ती गिटार घरी कशी आली ते तुम्ही एकदाच सांगितलंत, पडवीत सामानाच्या दोऱ्या सोडताना, तेही आईला उत्तर म्हणून. तुम्ही लेथवर केलेले शाफ्ट तपासायला एक इंग्रज इन्स्पेक्टर यायचा. तो कुवेत कायमचं सोडून निघाला तेव्हा त्याने फ्लॅटचं दार उघडून दिलं आणि ज्याला जे हवं ते न्या म्हणाला. कोणी टीव्ही नेला, कोणी मायक्रोवेव्ह. तुम्ही पाच तारांची इलेक्ट्रिक गिटार, तिचा छोटा स्पीकर आणि एक बंद पडलेला टेप उचललात. टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली होती. आई म्हणाली, "लोकांचे नवरे फ्रीज आणतात, आमचे भंगार आणतात." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भंगार होतं. आतली पुली फुटलेली. पितळेची नवीन केली, आता धावतो." पुली म्हणजे मोटरच्या टोकावरची ती इवलीशी चकती, जिच्यावरून पट्टा फिरतो आणि कॅसेटची फीत ओढली जाते. मला ती तुम्ही उघडून दाखवलीत. करंगळीच्या नखाएवढी, आणि सोन्यासारखी चकचकीत.

मग तुम्ही बटण दाबलंत, आणि आमच्या वाडीत पहिल्यांदा हेवी मेटल वाजलं. शेजारच्या काकी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काय रे, घरात कोणाच्या अंगात आलंय?" तुम्ही म्हणालात, "नाय काकी, इंग्लंडचे पाहुणे आलेत. मोठ्याने बोलायची सवय हाय त्यांना." आई आत निघून गेली. तुम्ही मला जवळ बसवलंत आणि म्हणालात, तो साहेब जीपमध्ये हीच कॅसेट लावून यायचा, आम्ही गेटपाशी उभं राहून ऐकायचो. "ह्या ढोलवाल्याचा हात बघ. घण पडतो तसा पडतो. एक घाव इकडे नाही, तिकडे नाही. असा माणूस मशीनवर पाहिजे." तुम्हाला संगीतातलं काही कळत नव्हतं, हे तुम्ही स्वतःच सांगायचात. पण त्या बँडबद्दल मी आजवर जे वाचलं आहे त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

कॅसेटच्या डबीत घडी घातलेला झेरॉक्सचा कागद होता. एका बाजूला गाण्यांचे शब्द, दुसऱ्या बाजूला चार माणसांचा काळपट फोटो, एक पोस्टाचा पत्ता आणि खाली दोन ओळी : आमच्यामागे कुठलीही कंपनी नाही, कॅसेट खराब निघाली तर परत पाठवा, आमच्यातलाच कोणीतरी दुसरी भरून देईल. इंग्रजी मी शाळेत शिकले त्याहून जास्त त्या कागदावरून शिकले. एक गाणं भट्टीतून शेवटचं पोलाद ओतलं त्या सकाळचं होतं. एक काजळीने काळ्या झालेल्या दोरीवरच्या धुण्याचं. तिसऱ्यात रिकामी बस चालवणारा ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर नियमाप्रमाणे दार उघडतो आणि बंद करतो. मला वाटायचं असल्या आवाजात भुताखेतांची गाणी असतील. ही तर तुमच्यासारख्या माणसांची होती. दोन गिटार एकच धून धरतात, एक खालून आणि दुसरी तीन पायऱ्या वरून, आणि कितीही वेगात धावल्या तरी एकमेकींचा हात सोडत नाहीत. त्यातली वरची मला आवडायची. ती मी शिकले.

कशी शिकले ते नीट लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गिटारच्या पेटीत एक शिट्टी होती, सहा तोंडांची, एकेका तारेसाठी एक सूर. सहावी तार तुम्ही पुढच्या महिन्यात गावाला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवलीत. मी शिट्टीबरहुकूम तारा लावल्या, टेप सुरू केला, आणि पहिल्या गाण्याचा पहिलाच गुरगुरता सूर माझ्या सर्वांत जाड तारेतून जसाच्या तसा निघाला. बोट कुठे दाबावं लागलं नाही, मोकळीच तार. तिथून धागा पकडला. एकेक ओळ, चार वर्षं. शिकवणारं कोणी नव्हतं आणि त्याची गरज आहे असं मला वाटलंही नाही.

चौदाव्या वर्षी तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी त्या बँडचं संकेतस्थळ शोधलं. तिथे तेच पहिलं गाणं अर्धा मिनिट ऐकायला ठेवलेलं होतं. ते माझ्या गाण्याहून खालच्या पट्टीत होतं, आणि संथ. मी क्लासमधल्या मुलीच्या मोबाइलवर ते भरून घेतलं, घरी येऊन कॅसेटच्या बाजूला लावलं. बरोबर अर्ध्या स्वराचा फरक. मग टेप उघडला, तुमच्या ट्रंकेतला व्हर्निअर घेतला आणि पुली मोजली. साडेआठ मिलिमीटर. पट्ट्याची जाडी धरून गणित केलं, तर ती आठ असायला हवी होती.

तुम्ही तेव्हा सुटीवर होतात. पडवीत चहा चालला होता, काका होते, काकी होत्या, मुंबईहून आलेला कोणी पाहुणा होता. मी वही घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, तुमची पुली अर्धा मिलिमीटर जाड आहे. त्यामुळे टेप पाच-साडेपाच टक्के जोरात पळतो. मी चार वर्षं सगळं चुकीचं शिकले." पाहुणा हसला. आई म्हणाली, "बापाला शिकवतेस?" काका म्हणाले, "कुवेतला ह्याच्यावरच पगार देतात काय रे?" तुम्ही पुली घेतलीत, चष्मा लावलात, एकदा मोजलीत, फिरवून पुन्हा मोजलीत. मग म्हणालात, "बरोबर आहे. शेवटचा कट राहिला." लोखंड काढता येतं, लावता येत नाही, म्हणून आधी अर्धा मिलिमीटर अंगावर ठेवायचा आणि सगळं जुळलं की शेवटचा कट घ्यायचा, ही तुमची पद्धत मला माहीत होती. तुम्ही पुली कागदात गुंडाळून खिशात टाकलीत. "पुढच्या खेपेला आणतो." पुढची खेप झाली नाही. फेब्रुवारीत इथल्या इस्पितळात तुमचं हृदय थांबलं. मी पंधरा वर्षांची होते. तुमचं सामान एका खोक्यातून आलं आणि त्यात पुली नव्हती. माझं तुमच्याशी शेवटचं समोरासमोरचं मोठं बोलणं म्हणजे ती पडवीतली आकडेवारी. मी ती बरोबर मांडली होती. एवढंच त्या दिवसाबद्दल मला इतकी वर्षं म्हणता येत होतं.

त्या चौघांबद्दलही थोडं सांगते. चाळीस वर्षं होत आली त्यांच्या बँडला. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा गाणारा तिथे उमेदवारीला होता; नंतर वायरमन झाला. ढोलवाला, तुमचा माणूस, शहराची बस चालवायचा. ते गाणं त्याचंच आहे. तिसरा शाळेच्या प्रयोगशाळेत. दर मंगळवारी त्याच्या भावाच्या टायरच्या दुकानात सराव, कारण टायरांच्या ढिगात आवाज जिरतो आणि पोलीस येत नाहीत. एकदा एक मोठी कंपनी आली होती. अट अशी, की ढोलवाला बदला आणि भट्टीची गाणी पुरेत. त्यांचा नियम आहे की चौघांनी हो म्हटल्याशिवाय काही करायचं नाही. तिघे नाही म्हणाले. एकटा ढोलवाला हो म्हणाला होता. "मी म्हटलं, घ्या रे, मला काय, माझी बस आहे," असं त्याने मला शुक्रवारी हसत सांगितलं. तेव्हापासून आजपर्यंत ते रेकॉर्ड स्वतः भरतात, पाकिटं स्वतः चिकटवतात, आणि जिथून पुरेशी माणसं बोलावतील तिथे जातात. कुवेतहून एका दाताच्या डॉक्टरने बोलावलं. तो इथलाच, कुवेती. गोदामाच्या एका भागात त्याने सरावाची जागा केली आहे. बाहेर आवाज किती जातो ते मोजून द्यायला त्याला कोणीतरी हवं होतं, नाहीतर जागेचा मालक कार्यक्रमाला हो म्हणत नव्हता. मी मोजून देते असं कळवलं होतं. त्या निरोपात शेवटी एक वाक्य जास्तीचं गेलं होतं : मला या बँडची पहिली सगळी गाणी वाजवता येतात.

शुक्रवारी अकरा वाजता मी आवाजमापक घेऊन पोचले तर ते तिघे खुर्च्यांवर गप्प बसलेले आणि चौथा हाताला पांढरं बँडेज बांधून उभा. डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही म्हणते तिला येतं." गाणाऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सुरक्षेचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, छातीवर ओळखपत्र. "किती येतात?"

"यादीतल्या अकरापैकी नऊ. उरलेल्या दोनसाठी मला दीड तास लागेल."

"दीड तास," ढोलवाला म्हणाला. "ह्याला तर अजून येत नाहीत." बँडेजवाला म्हणाला, "आता माझ्याकडे कारण आहे."

मी बँडेजवाल्याची गिटार गळ्यात घातली आणि पहिलं गाणं सुरू केलं. तारांच्या बाबतीत मी काहीच केलं नव्हतं, त्याने लावल्या होत्या तशाच होत्या. माझी बोटं नेहमीच्या जागी पडली, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या हाताखालून ते गाणं त्याच्या खऱ्या पट्टीत निघालं. बारा-पंधरा सेकंद वाजवलं असेल. गाणाऱ्याने हात वर केला. "थांब. ती जाड तार मोकळी सोडायची हे तुला कोणी दाखवलं?"

"कोणी नाही. कॅसेट."

"शक्य नाही."

मग त्याने सांगितलं, बाबा. तरुणपणी त्याचा आवाज वर पोचत नव्हता म्हणून ते पहिल्यापासून सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवतात. हे त्यांनी कधी कुठे लिहिलं नाही. कागदावर जागा नव्हती. त्यामुळे जगभरात ज्यांनी ज्यांनी ते गाणं शिकायचा प्रयत्न केला त्यांच्या गिटारीत तो पहिला सूरच सापडत नाही. तो त्यांच्या सर्वांत जाड तारेच्याही खाली आहे. मग ते सगळी धून दुसरीकडे सरकवतात, मोकळी तार हरवते, बोटं अडखळतात, आणि वर्षानुवर्षं पत्रं येतात की हे माणसाच्या हाताने वाजवण्यासारखं नाही. "तू पहिली आहेस," तो म्हणाला, "जी आमच्याच बोटांनी वाजवते."

मी गणित मनात केलं. त्यांनी तारा अर्धा स्वर उतरवल्या होत्या. तुमच्या पुलीने ते गाणं अर्धा स्वर चढवलं. शिट्टीवर लावलेली माझी गिटार आणि कॅसेट यांचं जे पहिल्या दिवशी जुळलं, ते म्हणूनच. तुम्ही शेवटचा कट घेतला असतात तर माझीही मोकळी तार हरवली असती, आणि दहा वर्षांच्या मुलीने आठ दिवसांत ती गिटार ट्रंकेवर ठेवून दिली असती.

मी त्यांना पुली सांगितली. व्यास, पट्टा, टक्केवारी, क्रमाने. ढोलवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. "म्हणजे तुझे वडील आम्हाला पाच टक्के जोरात पळवत होते?"

"साडेपाच."

"मी पहिल्यापासून ह्यांना सांगतोय की आपण ढिले वाजवतो!" तो गाणाऱ्याकडे वळून ओरडला. "कुवेतच्या एका टर्नरला कळलं ते तुला कळलं नाही!" गाणारा म्हणाला, "त्याला गावं लागत नव्हतं." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुझे वडील येतील ना चार वाजता?" मी म्हणाले, नाही. तुम्ही गेलात असं सांगितलं. बँडेजवाल्याने एका हाताने माझ्या गिटारचा पट्टा माझ्या उंचीला बसवून दिला.

तिथून बाहेर येऊन मी चाचांना फोन केला. तुमच्या शेजारच्या लेथवरचे चाचा. ते अजून तिथेच आहेत, त्याच लेथवर. मी कुवेतला आल्या वर्षी त्यांना एकदा भेटले होते, औपचारिक, दहा मिनिटं. नंतर दर ईदला ते जेवायला बोलवायचे आणि मी कामाचं कारण सांगायचे. शुक्रवारी म्हणाले, "प्रोग्राम हाय? तुझा? येतो की गो." जुम्याची नमाज झाल्यावर कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून, चार वाजायच्या आधी येऊन बसले. त्यांना वाटलं होतं गझल असेल.

मी पुष्कळ ठिकाणी काम केलं आहे जिथे यंत्र पहिल्यांदा सुरू होतं. बटण दाबल्यापासून पूर्ण वेग येईपर्यंतचे काही सेकंद असतात, ज्यात सगळे श्वास धरून आकड्याकडे बघतात. चार वाजता तसं होतं. ढोलवाला काठ्यांवर चार मोजतो. मी मोकळी तार सोडते. गाणाऱ्याची गिटार खालून येते, माझी तीन पायऱ्या वरून, आणि आम्ही एकत्र निघतो. पुढच्या रांगेतली माणसं पहिल्याच ओळीला हात वर करतात, कारण त्यांनाही ही गाणी पाठ आहेत. फिलिपिनो, लेबनीज, केरळचे दोघे, काळ्या अबायातल्या तीन मुली ज्या एकही शब्द चुकत नाहीत. बसच्या गाण्यात मी एक ओळ आधी शिरते. ढोलवाला डोळा मारतो आणि मला येऊन मिळतो, जणू ते तसंच ठरलं होतं. धुण्याच्या गाण्यात वरच्या गिटारला एकटीला सोळा मात्रा आहेत. त्या सोळा मात्रा मी कोणालाही न घाबरता वाजवल्या. माझ्याबद्दल मी सहसा असं विधान करत नाही.

शेवटी लोक हलेनात तेव्हा गाणारा माइकवर म्हणाला, "पहिलं गाणं पुन्हा वाजवतो. ह्या वेळी शुवैखच्या वेगाने." कोणाला काही कळलं नाही, तरी सगळे ओरडले. ढोलवाल्याने माझ्याकडे पाहून काठ्या वाजवल्या, आणि बाबा, तो वेग बरोबर होता. मी चार वर्षं तो रोज ऐकला आहे, मला मोजावा लागत नाही. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, घाव इकडे नाही, तिकडे नाही. गाणारा धापा टाकत होता, हसत होता, दोन शब्द गिळले त्याने. मी हसत होते असं नंतर फोटोत दिसलं. गाणं संपलं आणि उठला तो आवाज, जो मी यंत्रावर मोजायचा होता. माझं ते काम राहिलं.

चाचा शेवटच्या रांगेत कानात बोटं घालून उभे होते. माणसं पांगल्यावर पुढे आले. "अगो, काय हे! छातीत जनरेटर बसवल्यासारखं झालं." मग म्हणाले, "पण हे मी ऐकलंय. हे तुझ्या बापसाचं हाय."

मी त्यांना विचारलं, पुली केली तेव्हा ते होते का.

"होतो म्हणजे? आम्ही सगळे जमलेलो. त्याने अर्धा ठेवलान आणि म्हणाला, आधी बसवून बघूया, मग कट घेऊ. बसवलान. आणि ते सुरू झालं ना गो, साहेबाचं गाणं! अख्खं वर्कशॉप नाचायला लागलं. पंजाबी फोरमन नाचला. मग कटबिट कोण आठवतो?"

मी म्हणाले, "मी नंतर त्यांना ते चारचौघांत बोलले. चूक काढली."

"ते म्हायती हाय." चाचांनी हात झटकला. "सुटीवरून आला तो पुली दाखवत फिरला. माझ्याकडे, फोरमनकडे, चहावाल्याकडे. 'माझ्या पोरीने अर्धा मिलिमीटर पकडलान. चौदा वर्षांची. माझा व्हर्निअर घेऊन.' आम्ही म्हटलं, बाबा, बस कर, ऐकली ती गोष्ट. शेवटपर्यंत सांगायचा. कट घेतलान की नाय ते मला ठाऊक नाय. पुली खिशातच असायची."

बाबा, हे तुम्ही मला कळवायला हवं होतं. तुम्ही दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचात. अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको, पावसाच्या आधी कौलं बघून घ्या. त्यात एक ओळ मावली असती. अर्थात मीही तुम्हाला गिटारबद्दल काही लिहिलं नाही. आपण दोघेही कामाचं तेवढंच लिहीत होतो.

आता निर्णयाचं. मॅनेजरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सहा आठवडे? लग्न आहे का? लग्नाला तीन देतो. सहा आठवड्यांत तर माणसं घटस्फोट घेऊन परत येतात." मी कारण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खरंच विचारलं, "म्हणजे ते किंचाळतात ते?" माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे माझ्या जागी दुसरं कोणी नाही. आई फोनवर म्हणाली, "तुझ्या बाबांनी तिथं बावीस वर्षं काढली. तुला पाच झाली नाहीत तोवर जड झालं? आणि कोणाबरोबर, तर चार म्हाताऱ्या गोऱ्यांबरोबर, टायरच्या दुकानात?" मी म्हणाले, तीन. चौथी मी. त्यावर तिने 'तुझ्या बाबांना विचार' म्हटलं आणि फोन ठेवला.

तिची भीती खोटी नाही. तुम्ही ही नोकरी, हा देश, आमच्यासाठी धरून ठेवलात आणि मी तो आपण होऊन सोडायचा म्हणते आहे. उलट बाजूला सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे : बेअरिंग कधी जाणार ते मी नसले तरी कोणीतरी मोजेल. ती वरची गिटार त्याच बोटांनी वाजवणारं मला तरी दुसरं कोणी माहीत नाही, आणि ज्याला येत होतं त्याने स्वतःच्या हाताने पट्टा माझ्या खांद्यावर बसवला. शिवाय त्यांनी मत घेतलं. बँडेजवालाही धरून, चौघेही हो म्हणाले.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमच्या वर्कशॉपचा पोस्टबॉक्स मला अजून पाठ आहे आणि तो अजून चालू आहे. पण तिथे पोचलं तर कोणीतरी कोटेशन समजून फोडेल.

एक गोष्ट क्रमात लिहायची राहिली, ती मुद्दाम राहिली. मी त्यांना रविवारीच होकार कळवला. राजीनामा लिहून ठेवला आहे, तो या आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, गुरुवारी, देणार आहे. म्हणजे आईने विचारायला सांगितलं तेव्हा विचारण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं. तरी मी विचारते आहे.

तुमचं काय म्हणणं आहे ते कृपया गुरुवारपर्यंत कळवा.